सरकारांचं भाजलेलं बोट

संस्थानचा खर्च आवरायला कारभारी विसाजीपंतांनी सरकारांचा विलायती चिरूट बंद करून स्वस्तातला, जाडजूड मद्रासी चिरूट मागवला. सरकार भडकले. "भर दरबारात ओढून बघतो. पसंत पडला नाही, तर पंत, तुमचं कारभारीपण गेलं!"

पहिला झुरका घेऊन सरकार म्हणाले, "छे! नुसता उग्र." मानकऱ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या झुरक्याला, "शी! गवत जाळल्यासारखा." माना पुन्हा डोलल्या. असं नावं ठेवता ठेवता सरकार एकदम "हाय!" करून ओरडले आणि थोटूक फेकलं. बोट भाजलं होतं.

पंत हात जोडून म्हणाले, "सरकार, विलायती चिरूट आपण रोज अर्धाच ओढून टाकत होता. हा मात्र चटका बसेपर्यंत सुटला नाही. निकाल कोणाचा धरू, जिभेचा की बोटाचा?"

सरकारांनी बोट तोंडात घातलं. मानकऱ्यांना मात्र मान उभी हलवावी की आडवी, तेच कळेना.