बाळंतिणीचं झाड

एका डोंगरगावात दोन जावा होत्या. सासऱ्यांनी जाताना उतारावरचा कॉफीचा मळा दोघींना सारखा वाटून दिला होता. कॉफीच्या झुडपांवर फणस, उंबर, बेहडा अशा जुन्या झाडांची दाट सावली होती.

थोरलीला सगळ्याचीच घाई. उन्हात कॉफी दुप्पट लागते असं तिनं कुठंतरी ऐकलं आणि उन्हाळ्यात आपल्या वाट्याची मोठी झाडं आडवी केली. मग लाकूडतोड्यांना घेऊन ती धाकटीच्या बांधावर आली. धाकटीचं घर गळकं, पीक बेताचं. थोरलीला तिची कीव आली होती, आणि खरं सांगायचं तर थोडा लोभही सुटला होता. दोन हंगामांत तुझा मळा माझ्याइतका पिकला नाही तर तोही मीच करीन, असं तिनं बजावलं.

धाकटी घाबरली. मळा गेला की तिच्याजवळ काहीच उरणार नव्हतं. झाडं तोडायला तिनं मान डोलावली. पण कुऱ्हाड बेहड्याला लागणार, तोच तिची नजर वर गेली. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं आणि बारीक फटीतून एक चोच बाहेर डोकावत होती.

धनेशाची मादी अंडी घालताना स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो, हे त्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नसे. नर चोचीत उंबरं घेऊन आला होता आणि माणसं पाहून लांबच्या फांदीवर खोळंबला होता.

धाकटी झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"जाऊबाई, आत बाळंतीण आहे. बाळंतिणीच्या खोलीवर कुऱ्हाड घालतात का?"

"अगं, आणि मळा गेला तर?"

"गेला तर गेला. हे झाड पडणार नाही. आणि तो जिथून तिचा घास आणतो, ती झाडंही नाहीत."

त्या हंगामात थोरलीची झुडपं फळांनी वाकली. हिच्याकडे कॉफीपेक्षा पाखरंच जास्त पिकतात, म्हणून गाव धाकटीला हसलं. तिला रडू यायचं. डोळे पुसून ती पुन्हा पडलेला पाला झुडपांच्या बुंध्याशी ओढायला लागायची.

पुढच्या वर्षी ऊन असं तापलं की विहिरींनी तळ गाठला. थोरलीच्या उघड्या झुडपांना खोडकिडा लागला. किडे टिपणारे सुतारपक्षी तर झाडांबरोबरच निघून गेले होते. झुडपं उभ्या उभ्या वाळली. धाकटीच्या सावलीत मात्र ओल टिकली, फळं सावकाश पिकली आणि म्हणूनच गोड झाली. कॉफीचा एक पारखी व्यापारी आला आणि घोट घेताच दरवर्षी हीच कॉफी मला द्या म्हणाला.

थोरली बांधावर आली. धाकटीनं जुन्या अटीचं नाव काढलं नाही. ती बेहड्याखाली गेली. धनेशाच्या चोचीतून सांडलेल्या बियांची तिथं रोपं उगवली होती. तिनं ती मातीसकट उचलली आणि ओटी भरावी तशी थोरलीच्या पदरात घातली.

"बाळंतिणीच्या घरची ओटी आहे, जाऊबाई. नाही म्हणू नका."

"सावली यायला किती वर्षं लागतील गं?"

"लागू देत. खड्डे आजच खणू."

आणि दोघी कुदळ घेऊन उघड्या उताराकडे निघाल्या.

तात्पर्य: जो दुसऱ्याचं घरटं राखतो, त्याचं घर ते घरटंच राखतं.