हौसाच्या खुंटीवरच्या माळा

एकदा काय झालं, बरं का, एका कासाराचे पाय थकले.

लिंबाजी त्याचं नाव. उभा जन्म गावोगाव हिंडून त्याने बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. कुठे लग्न, कुठे जत्रा, कुठे डोहाळजेवण. पाठीवर बांगड्यांचं ओझं आणि हातात काठी. आणि एका सकाळी उठायला गेला, तर गुडघे म्हणाले, "आम्ही काही येत नाही." मग काय! बसला तो बसलाच.

घरात कोण? तर तो आणि त्याची लेक. लेकीचं नाव हौसा. नावासारखीच हौशी हो. आणि हौस कसली, तर माळा ओवायची.

आता तिला मणी कुठून मिळायचे, ते ऐका. त्या गावाच्या अंगाला एक तळं होतं. सदा पेंगुळलेलं, तुमच्यासारखं. सकाळी त्याच्यावर धुक्याची दुलई असायची. हौसा उजाडताना तिथे जायची, काठावर बसायची आणि ओंजळ पाण्यात बुडवून धरायची. बोलायचं नाही. हलायचं नाही. शंभर श्वास मोजायचे. मग ओंजळ अलगद वर काढायची. पाणी बोटांतून निथळून जायचं आणि तळहातावर उरायचा एक मणी. एकच हं. आभाळ तांबूस असलं तर मणी तांबूस. बगळा उडत गेला तर पांढरा. पलीकडच्या रानात हरभरा डोलत असला तर हिरवागार. एकदा एका खंड्या पक्ष्याने पाण्यात सूर मारला, तर निळा मणी आला, आणि त्याच्या पोटात एक इवलीशी लाट हलत होती.

मग घरी येऊन हौसा ते मणी रेशमात ओवायची. माळ पुरी झाली की खुंटीला लावायची. होता होता खुंट्या भरल्या. मग खिडकीत, मग दाराच्या चौकटीला, कणगीवर, जात्याच्या खुंट्यालासुद्धा माळा. वारा आला की सगळ्या मिळून कुळकुळ वाजायच्या, जसं तळंच घरात आलंय. हौसा भिंतीला टेकून बसायची आणि ऐकत राहायची. किती वेळ गेला ते तिला कळायचंच नाही.

पण लिंबाजी बसला, आणि कणगीतली ज्वारी तळाला गेली. मग तो एक दिवस म्हणाला,

"हौसा, माळा बाजाराला ने."

हौसा म्हणाली, "आबा, हौसेला मोल नसतं म्हणतात."

"खरंय पोरी. पण पोटाला असतं."

मग काय, सोमवारच्या बाजारात हौसाने घोंगडी अंथरली आणि वर माळा मांडल्या. ऊन पडलं, आणि घोंगडीवर इंद्रधनुष्य सांडलं जणू. एक माळीण आली. तिने हिरवी माळ उचलली.

"केवढ्याला गं?"

ती माळ, तो हरभरा, ती सकाळ, सगळं हौसाच्या डोळ्यांपुढे आलं. "ती... ती नाही द्यायची," म्हणाली.

दुसऱ्या सोमवारी पाटलीणबाई आल्या. त्यांच्या मनात निळी माळ भरली. "मागशील ते देते," म्हणाल्या. तर हौसाने घाईघाईने घोंगडी गुंडाळली आणि घरची वाट धरली. तिसऱ्या सोमवारी ती गेली, पण गाठोडं काही सोडलंच नाही. मांडीवर घेऊन बसली, बाजार उठला, तशीच परत आली.

मग गंमत ऐका. गंमत कसली, रडू यावं असंच झालं. दुसऱ्या दिवशी हौसाने तळ्यात ओंजळ धरली. शंभर श्वास मोजले. ओंजळ काढली. पाणी निथळलं, हात रिकामा. तिसऱ्या दिवशी गेली, हात रिकामा. चौथ्या दिवशी गेली, तरी रिकामाच. आणि घरी येऊन बघते तर काय, खुंटीवरच्या माळा मंदावल्या होत्या. तांबूस होता तो मातकट झाला. पांढरा धुरकटला. निळ्या मण्यातली लाट थांबली. हौसाने त्यांना पदराने पुसलं, रिठ्याच्या पाण्याने धुतलं. काही उपयोग नाही. वारा आला, पण एकही माळ वाजली नाही.

मग मात्र ती बापाच्या पायाशी बसून रडली. "आबा, काय झालं हो ह्यांना?"

लिंबाजीने एक माळ हातात घेतली, चाचपली. "उपाशी ठेवलंस तू ह्यांना."

"माळ का जेवते?"

"गळ्याची ऊब लागते तिला. पोरी, मी जन्मभर बांगड्या विकल्या असं तुला वाटतं. मी नुसते हात शोधत हिंडलो. ओझ्यात असते तोवर बांगडी म्हणजे काच. हातात चढली की ती वाजते." मग म्हणाला, "मोल सांगायची लाज वाटते ना? मान वर करून सांगायचं. आपण काही चोरून आणलेलं नाही."

पुढच्या सोमवारी शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसून लिंबाजीही बाजाराला गेला. घोंगडीच्या कडेला टेकून बसला. दुपार झाली. मिणमिणत्या माळांकडे कोण बघतंय? माणसं यायची आणि पुढे जायची.

मग एक बाई आली. कोंडाबाई. ती केरसुण्या विकायची. एवढं रणरणतं ऊन, तरी तिने पदर हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेला. लहानपणी तिचा गळा भाजला होता, बरं का, आणि तो डाग कुणाला दिसू नये म्हणून ती बारा महिने तशीच असायची. घोंगडीपुढे उकिडवी बसली आणि बघत राहिली.

"घ्यायची नाही हो मला," म्हणाली. "नुसतं बघते. माझ्या गळ्याला काय शोभायचंय!"

हौसा विचार करायला थांबलीच नाही. निळी माळ उचलली, कोंडाबाईचा पदर हळूच सैल केला आणि माळ तिच्या गळ्यात घातली.

आणि मग, बाळांनो, ती माळ जागी झाली.

आधी एक मणी, मग दुसरा, मग सगळे. त्या मण्यातली लाट हलली, फिरली, डोलायला लागली. कुळकुळ आवाज आला. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. गळ्यावरचा डाग काही गेला नाही हो, होता तिथेच होता. पण त्याच्यावर निळा उजेड असा पसरला, जशी रानावर ढगाची सावली पसरते. लिंबाजीने कनवटीचा छोटा आरसा काढून पुढे केला. कोंडाबाईने बघितलं. किती तरी वेळ बघितलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "ही मीच का?"

मग तिने विचारलं, "मोल काय हिचं?"

हौसाने बापाकडे बघितलं. लिंबाजीने मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवलं. मग हौसाने मान वर केली आणि सांगितलं, "दोन पायल्या ज्वारी."

"देते," कोंडाबाई म्हणाली, "आणि वर एक केरसुणी. घासाघीस नको."

मग ती निघाली, पदर खांद्यावर मोकळा टाकून. हौसा बघत राहिली. गर्दीतून तो निळा ठिपका लांब लांब गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. हौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि ओठांवर हसूही आलं. दोन्ही एकदम.

"पहिली बांगडी विकली तेव्हा मीही असाच रडलो होतो," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर गेली. भीत भीत ओंजळ धरली. शंभर श्वास मोजून काढली, तर तळहातावर दोन मणी! एक निळा, आणि एक ह्या दोघा बापलेकींच्या चुलीवरच्या भाकरीसारखा पिवळसर, ऊबदार.

तिथून पुढे हौसाचं दुकान झालं. चिंचेखाली आधी घोंगडी होती, मग मांडव आला, मग दोन पोरी शिकायला आल्या. गिऱ्हाईक आलं की हौसा आधी विचारायची, "कुणाच्या गळ्यासाठी?" आणि मगच माळ काढायची. एकदा एक सावकार आला. म्हणाला, सगळ्याच दे, पेटीत घालून ठेवतो, भाव चढला की काढीन. हौसाने हात जोडले. "मालक, ह्या पेटीत मरतात," म्हणाली. तो रुसून गेला, तर गेला. लिंबाजी मात्र मांडवात बसून हसत राहिला. त्याचं काम काय, तर येणाऱ्या बायकांपुढे आरसा धरायचा. पाय न हलवता करता येतं ना ते!

अशी पुष्कळ वर्षं गेली. माळा कुठून कुठे गेल्या. नदीपार गेल्या, घाटाखाली गेल्या. हौसाला त्यांची नावं-गावं ठाऊक राहिली नाहीत. आणि मग एका लांबच्या जत्रेत ती पाणी प्यायला थांबली, तर तिथे एक अनोळखी बाई पाणी वाढत होती. तिच्या गळ्यात तांबूस मण्यांची माळ. हौसाने ती बघताक्षणी ओळखली. आईला का आपलं लेकरू ओळखायला वेळ लागतो?

"माळ सुरेख आहे हो तुमची," हौसा म्हणाली.

"होय ना?" ती बाई हसली. "कुणी केली देव जाणे. पण सकाळी गळ्यात घातली की कसं उजाडल्यासारखं वाटतं बघा."

हौसा ओंजळभर पाणी प्याली, तोंड पुसलं, आणि गाणं गुणगुणत आपल्या वाटेला लागली.

मग ती सुखात राहिली, तिचा बाप सुखात राहिला, आणि गावोगावच्या बायका गळ्यात सकाळ घालून हिंडत राहिल्या. चला, पाय आत घ्या, पांघरूण ओढा. आता शंभर श्वास मोजायचे. हलायचं नाही, बोलायचं नाही. एक... दोन... तीन...