मोडकं कुसू

खाडीकाठच्या एका गावात अनाजी मेस्त्री नावाचा सुतार राहायचा. हात असा, की मोडकी खुर्ची त्याच्याकडे जावी आणि नवरीसारखी नटून परत यावी. जोड कुठं आहे ते कुणाला सापडायचं नाही. लोक तोंडभरून बोलायचे. अनाजीला ते गोड लागायचं. फार गोडानं दात किडतात, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याच गावात दत्तूशेठ कापडवाले होते. त्यांच्या आईच्या, भागीरथीआजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला होता. ओवाळायला आजीला तिच्या यजमानांच्या शिसवी खुर्चीत बसवायचं होतं. खुर्ची साधीसुधी नव्हती. एका नावाजलेल्या कारागिरानं स्वतः आखून घडवलेली, तशी दुसरी पंचक्रोशीत नव्हती. फक्त खिळखिळी झाली होती. शेठनी ती अनाजीकडे धाडली आणि आठ दिवसांची मुदत दिली.

अशा जुन्या खुर्चीचे सांधे सरसानं चिकटवलेले असतात. तो सुटायला गरम पाण्याची फडकी गुंडाळून दोन-दोन दिवस शेकत बसावं लागतं. अनाजीला हे कुणी शिकवायला नको होतं. पण पाच दिवस त्यानं इकडच्या तिकडच्या कामात आणि कौतुक ऐकण्यात घालवले होते. सरस नीट मऊ झाला नव्हता, तोच त्यानं लाकडी मोगरी उचलली आणि मागच्या पायावर एक ठोका हाणला.

आतून कट्ट असा आवाज आला.

बैठकीच्या पट्टीचं कुसू मोडलं होतं. कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाची लाकडी जीभ. ती पायाच्या खाचेत जाऊन बसते, आणि माणसाचा सगळा भार तिच्यावर असतो. नवं कुसू घालायचं तर पट्टीच नवी करायला हवी. त्याला पंधरा दिवस हवेत. हातात तीन होते. अनाजीनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं मोडके तुकडे सरसात बुडवून खाचेत कोंबले, चिरेत लाख आणि भुसा भरला, वरून पॉलिश मारलं. खुर्ची आरशासारखी झाली.

आजी तरी किती वजनाची, चिमणीएवढी, असं तो स्वतःला समजावत राहिला. पण त्या दिवसापासून त्याला घास गिळेना. रस्त्यानं म्हातारी बाई दिसली की त्याची नजर तिच्या कमरेवर जायची. घरात पाट सरकला तरी तो दचकायचा. खुर्ची पोचवल्यावर खरं सांगायला म्हणून तो दोनदा शेठच्या दारापर्यंत गेला. पहिल्यांदा शेठ पाहुण्यांना त्याचंच कौतुक सांगत होते, म्हणून मागे फिरला. दुसऱ्यांदा आजीच ओटीवर बसली होती. तिनं चहा घे म्हटलं. चहा पिऊन परतला.

शेवटी बायकोजवळ, गोदाजवळ, सगळं ओकला. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मला कशाला सांगताय? मी बसणार आहे का त्या खुर्चीत?"

सोहळ्याला घर माणसांनी भरलं. शेठनी अनाजीला शाल द्यायची म्हणून पुढं बसवलं. एक मिशाळ पाहुणा खुर्चीभोवती फिरला आणि म्हणाला, जोड सापडला तर मिशा उतरवीन. सगळे हसले. अनाजीच्या पाठीवरून घाम ओघळत होता. दोन सुना आजीला धरून आणू लागल्या. दहा पावलं राहिली. पाच राहिली. आजीनं खुर्चीच्या हाताला धरलं, वळली, टेकायला वाकली.

"आजी, बसू नका," अनाजी म्हणाला. आवाज इतका फाटका निघाला, की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

शेठ संतापले. शुभ वेळेला हा काय अभद्रपणा, म्हणाले. अनाजी पुढं झाला, खुर्ची ओढली आणि बैठकीवर गुडघा रोवून जोर दिला. मागचा पाय निखळला. खुर्ची कोसळली आणि पॉलिशखालचा भुसा सतरंजीवर सांडला. मग त्यानं सर्वांदेखत सगळं सांगितलं. मोगरीचा ठोकासुद्धा लपवला नाही.

शेठनी शाल उचलून आत नेली. "सुतार कसला, रंगारी आहे हा," मिशाळ पाहुणा म्हणाला.

आजीनं पाट मागवला आणि सुनांना सांगितलं, इथंच ओवाळा. मग ती अनाजीकडे वळली.

"तीन दिवस तोंड शिवलं होतंस का रे?"

"भ्यालो, आजी. नाव जाईल म्हणून."

"ते गेलंच. पण नाव तुला पुन्हा कमावता येईल. माझं हाड मोडलं असतं तर ते कशानं चिकटवणार होतास, सरसानं?"

अनाजी वाकून सतरंजीवरचा भुसा गोळा करू लागला.

गावानं त्याला वर्षभर रंगारी म्हणूनच हाक मारली. त्यानं ओ दिली. खुर्चीला नवी पट्टी मात्र त्यानं केली. पंधराच्या जागी बावीस दिवस घेतले, आणि सांधा जुळवण्याआधी आजीला बोलावून नवं कुसू तिच्या बोटांनी चाचपून घ्यायला लावलं. आजीनं ते दोनदा चाचपलं, आणि मगच बसव म्हणाली.

तात्पर्य: आपल्या हातची चूक झाकली, तर ती दुसऱ्याच्या अंगावर कोसळते. लाज वाटली तरी वेळेत तोंड उघडावं.