मोडकी लोंबी

बॅटरी जरा वर धरा. छतातून लोंबणाऱ्या या पांढऱ्या दगडांना आमच्या पोडावर, म्हणजे खालच्या वस्तीवर, लोंब्या म्हणतात. डोंगर चुनखडीचा आहे. पाणी त्यातून झिरपताना चुना विरघळवून आणतं. थेंब टोकाशी थांबतो, कणभर चुना तिथं ठेवतो आणि खाली पडतो. तशीच ही लोंबी वाढते. सगळ्या टोकदार आहेत, ही एकच मोडकी. तिचं असं सांगतात.

फार पूर्वी, तीन वर्षं पाऊस नव्हता म्हणे. ओढा आटला, विहीर आटली. लोक पोड सोडून निघाले, तेव्हा पोचूबाई नावाच्या सुइणीनं सगळ्यांना या गुहेत आणलं. एकेका घराला एकेक लोंबी नेमून दिली, खाली मडकं ठेवलं. भरायला दिवस लागायचा, पण भरायचं.

चिन्नू टेकाम म्हणून एक धिप्पाड गडी होता. त्याची बायको ओली बाळंतीण. एका मडक्यात भागेना. लोंबीच्या पोटात पाणी कोंडलंय, फोडली की धार लागेल, असं त्याच्या मनानं घेतलं. पहार घेऊन आला. पोचूबाई आडवी आली.

"चिन्नू, नको रे. तुझ्या आज्याच्या आज्यानंही ही एवढीच पाहिली होती."

"लेकरू सुकून चाललंय माझं, बाई," तो म्हणाला आणि घाव घातला.

आत पाणी नव्हतंच. दगड कोसळला, मडकं फुटलं, आणि वरचा थेंब छतावर पसरून भलत्याच भेगेत जिरू लागला.

लोक भडकले. याला पोडाबाहेर काढा, म्हणाले. पोचूबाईनं कुणाशी वाद घातला नाही. आपलं मडकं उचललं आणि चिन्नूच्या बायकोपुढे नेऊन ठेवलं.

"ह्याच हातांनी सोडवलंय त्या लेकराला. तहानेनं मरू द्यायला नाही."

मग तिला तहानलेलं कोण ठेवणार? घराघरानं आपल्यातली ओंजळभर तिला दिली. पाऊस येईपर्यंत हेच चाललं. आजूबाजूची गावं ओस पडली, पण आमच्या पोडावरचं एकही माणूस गेलं नाही, एकही चूल विझली नाही.

पावसानंतर मोडक्या बुडाशी पुन्हा थेंब धरला. तो पाहून चिन्नूनं शपथ घेतली, जन्मभर या लोंब्या राखीन. पुढं एका सरदाराची माणसं वाड्यासाठी पांढरा दगड काढायला आली, तेव्हा तो गुहेच्या तोंडाशी उभा राहिला.

"एकदा मी फोडली. आता मला फोडल्याशिवाय दुसरी फुटणार नाही."

त्याच्यामागे सारं पोड उभं राहिलं. ती माणसं आल्या वाटेनं परत गेली.

म्हातारपणी त्याला दिसेनासं झालं. पोचूबाईनं जगवलेली ती लेक त्याचा हात धरून इथं आणायची.

"बोट लावू नको, नुसती बघ. किती वाढली?"

"तांदळाच्या दाण्याएवढी, बा."

"वाढली ना!" म्हातारा म्हणाला आणि पोटभर हसला. असं समाधानानं हसताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं, असं सांगतात.

आजही उन्हाळ्यात आमच्या घरात नवा माठ भरला की पहिलं पाणी घरचं माणूस पीत नाही, दुसऱ्याला देतं. मघाशी डोंगर चढण्याआधी माझ्या सुनेनं तुम्हाला तांब्या भरून दिला ना? माठ आज सकाळीच भरला होता.