कठड्यावरची वानरं

एका घाटातल्या जंगलात वानरांची एक टोळी राहत असे. खरं सांगू का मुलांनो, ती जंगलात राहतच नसे. ती राहायची वळणावरच्या कठड्यावर, जिथे गाड्या थांबतात आणि माणसं दरी बघायची सोडून वानरंच बघत बसतात. शनिवारी तर नुसती चंगळ. "अहो, मारुतीचा वार आहे, केळं द्या त्याला!" म्हणत एखादी बाई काच खाली करायची आणि मागची पोरं वेफर्सचं अख्खं पाकीट भिरकावायची. टोळीचा म्होरक्या हुप्प्या पोट खाजवत म्हणायचा, "फुकट ते पौष्टिक! पाला ओरबाडायला आपण काय शेळ्या आहोत?"

एक म्हातारी वानरीण मात्र कधी कठड्यावर गेली नाही. ती आपली खाली, ओढ्याकाठच्या उंबरावर. या वानरांत एक रीत होती. आई काही खात असली की पिल्लू तिच्या तोंडाला नाक लावून हुंगायचं. ज्याचा वास आईच्या तोंडाला, तेच खायचं. बाकीच्याला हात लावायचा नाही. हीच त्यांची शाळा. एक दिवस म्हातारीने हुप्प्याला अडवलं. "तुझ्या टोळीतल्या आयांच्या तोंडाला वास कसला येतो रे? मसाल्याचा! उद्या ही पिल्लं रानात काय ओळखणार?" हुप्प्याने दात विचकले. "म्हातारे, टोळीत राहायचं तर कठड्यावर यायचं. नाहीतर चालती हो." "चालले," म्हातारी म्हणाली. "हे हात फांदी धरायला आहेत. कुणापुढे पसरायला नाहीत." आणि ती खरंच टोळी सोडून आपल्या उंबरावर गेली. मला तर ती भारी आवडली!

चैत्रात घाटातला पूल दुरुस्तीला काढला आणि रस्ता बंद झाला. पहिला दिवस टोळी कठड्यावर बसून राहिली. दुसराही. हुप्प्याचं आपलं चालूच, "येतील, येतील. असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी." तिसऱ्या दिवशी हरीही आला नाही आणि गाडीही. टोळीतलं सगळ्यात लहान पिल्लू भुकेने रडून रडून गप्प झालं, तेव्हा त्याच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती बिचारी कठड्यावरच जन्मलेली, रानातलं एक झाड तिला धड ठाऊक नव्हतं. पिल्लाला पोटाशी धरून ती खाली ओढ्याकडे उतरली. पिल्लाने तिच्या तोंडाला नाक लावलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. कसलाच वास नाही. समोरच्या झाडाला संत्र्यासारखी गोल, केशरी फळं लागली होती. आईने एक तोडलं, फोडलं आणि आतली बी पिल्लापुढे धरली.

"टाक ते!" म्हातारीने शेजारच्या उंबरावरून धाडकन उडी घेतली आणि एका थापडेत बी उडवली. "काजरा आहे तो! विष आहे, विष! अगं, एवढंही शिकवलं नाही का तुला कुणी?"

"कोण शिकवणार?" आई रडत म्हणाली. "कठड्यावर काय झाडं होती?"

म्हातारीचा राग तिथेच विरला. तिने एक पिकलेला उंबर तोंडात टाकला, सावकाश चावला आणि तोंड पिल्लापुढे केलं. पिल्लाने नाक लावलं. मग आपल्या हाताने एक उंबर तोडला आणि मटकावला. संध्याकाळपर्यंत सगळी टोळी ओढ्यावर उतरली, मान खाली घालून हुप्प्यासुद्धा. म्हातारीने कुणाला टोमणा मारला नाही. महिनाभर तिच्या तोंडापुढे पिल्लांची झुंबड असायची. आज पिंपळाची पालवी, उद्या करवंदं, आणि त्यांच्या आयाही निमूटपणे शिकत होत्या.

पूल दुरुस्त झाला. पहिली गाडी वळणावर थांबली, हॉर्न वाजला, आणि हुप्प्याचे पाय शिवशिवले. "चला रे! आले आपले दिवस!" टोळी त्याच्या मागे कठड्यापर्यंत गेलीही. म्हातारी मागोमाग येऊन कठड्याखालच्या झाडावरून बघत राहिली. गाडीतल्या माणसाने वेफर पुढे केला. तेच लहान पिल्लू पुढे झालं, वेफर हातात घेतला, हुंगला. मग वळून आईचं तोंड हुंगलं. तो वास तिथे नव्हता. पिल्लाने वेफर टाकून दिला, गाडीकडे पाठ फिरवली आणि थेट झाडावर उडी मारली. त्यामागे आई, तिच्यामागे सगळी टोळी. हुप्प्याने इकडेतिकडे बघत वेफर उचलून खाल्लाच. जित्याची खोड! पण आता त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

"आपण देतोय तर घेत नाहीत! काय माजलीत ही वानरं!" गाडीतला माणूस चिडला.

"हो, माजलोय!" म्हातारी फांदीवरून कडाडली. "आमच्या उंबरावर माजलोय, तुझ्या पाकिटावर नाही!"

माणसाला नुसतं खेकसणं ऐकू आलं. काच मात्र त्याने झटकन वर केली.

तात्पर्य : आयता घास पोट भरतो, पण पोट भरायची विद्या विसरायला लावतो, म्हणून घेणाऱ्याने पाठ फिरवायला शिकावं, आणि देणाऱ्याने काच वरच ठेवावी.