कुर्लीची नवी नांगी

खाड्यांना अजून नावे पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका खाडीकाठी चिखलात राहणाऱ्या कुर्लीची उजवी नांगी बगळ्याने तोडून नेली. उरलेल्या एका नांगीने शिंपले फुटेनात आणि पोट भरेना.

"वहिनी, या जुन्या कवचात नवी नांगी फुटायला जागा कुठली? ते उतरवा की!" शेजारी टुणटुण उड्या मारणारी निवटी मासोळी म्हणाली.

"वा गं शहाणे! नांगी गेली, आता अंगावरचे चिलखतही टाकू? बगळ्याला आयता मऊ घासच मिळेल!" कुर्ली फणकारली.

पण भुकेपुढे फणकारा किती टिकणार? अखेर बिळात खोल शिरून तिने कण्हत-कुथत कवच उतरवले. अंग लोण्यासारखे मऊ झाले. ते पुन्हा टणक होईपर्यंत ती बिळातच स्वस्थ बसून राहिली.

ती बाहेर आली, तेव्हा नवी नांगी पाहून निवटीला हसू आवरेना. "अगंबाई, ही तर तान्ह्या बाळाची मूठ!"

"हस, हस," एक इवलासा शिंपला फोडत कुर्ली म्हणाली. "पुढचे कवच टाकले की ही आणखी वाढेल. आणि कवच कसे टाकायचे, ते आता मला येते."