दूधआईच्या चुलीवरचा रस्सा

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राचे नकाशे अजून कुणी काढले नव्हते, त्या काळातली. चहूबाजूंनी निळ्या पाण्याने वेढलेलं एक बेट होतं. बेटावर ऊस पिकायचा, नारळ पिकायचे, डोंगरउतारावरच्या कुरणांत गुरं चरायची. तिथे एक राजा राज्य करत होता.

राजा तरुण होता आणि मनाने सरळ होता. त्याला एकाच गोष्टीचा फार अभिमान होता. त्याचा न्याय झटपट असे. सकाळी तक्रार आली की न्याहारीच्या आत निकाल. लोक म्हणत, "आमच्या राजाला विचार करायला वेळ लागत नाही." राजाला ती स्तुती वाटायची.

राजाला एक धाकटा भाऊ होता. त्या दोघांची आई लवकर वारली. दोघांना एकाच बाईने अंगावर पाजून वाढवलं. दोघे तिला दूधआई म्हणत. आता ती फार म्हातारी झाली होती, डोळ्यांनी पूर्ण अधू झाली होती, आणि बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर एका दगडी घरात एकटीच राहत होती.

धाकट्या भावाकडे राजाने बंदर सोपवलं होतं. बंदरात राज्याची बारा गलबतं उभी असत. मीठ, लोखंड, कापड, सगळं त्यांतूनच यायचं. बेटाचा जीव त्या बारा गलबतांत होता.

एका वर्षी असं वादळ आलं, की तसं कुणाच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. झाडं मुळासकट उपटली. वाटा बंद झाल्या. दोन दिवस राजवाड्यात कुठूनही काही खबर आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बंदराचा नाईक पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत कसाबसा येऊन पोहोचला.

"महाराज," तो म्हणाला, "तीन गलबतं धक्क्यावर आपटून फुटली. उरलेल्या नऊ गलबतांचे दोर आपल्या धाकट्या भावाने कुऱ्हाडीने तोडले आणि ती समुद्रात सोडून दिली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही त्याला धरून ठेवलंय."

राजाच्या कानशिलाची शीर उडू लागली. शेजारच्या बेटाचा राजा कधीपासून त्या गलबतांवर डोळा ठेवून होता. सख्ख्या भावाने ती त्याच्याकडे सोडली, दुसरं काय?

त्या बेटावर द्रोह्याला एकच शिक्षा होती. त्याला वल्ह्यांविना होडीत बसवायचं आणि ओहोटी लागली की होडी समुद्रात लोटायची. लोटण्याचं काम राजानेच करायचं, असा दंडक होता.

"दुपारी ओहोटी लागते," राजा म्हणाला. "होडी तयार ठेवा. मी येतो."

नाईक पुढे गेला. माणसांनी घोड्यापुरती वाट मोकळी केली, तशी राजाने घोड्यावर मांड ठोकली.

बंदराच्या थोडं अलीकडे दूधआईचं घर लागलं. म्हातारी काठी टेकत वाटेच्या मधोमध उभी होती. राजाने घाईने लगाम खेचला.

"घोड्याला एवढं दामटतोस म्हणजे रागात आहेस," ती म्हणाली. "लहानपणी रागावलास की असाच पाय आपटत यायचास."

"दूधआई, बाजूला हो. मला बंदरावर जायचंय."

"ठाऊक आहे. नाईक सांगून गेला. पण ओहोटीला वेळ आहे, आणि तू सकाळपासून उपाशी आहेस. वादळात झाडाखाली सापडून गावचा एक म्हातारा बैल गेला. गावाने वाटे केले, त्यात नळीचं मांस माझ्या वाट्याला आलं. काल रात्रीपासून मसाला लावून ठेवलंय. जेव आणि मग जा."

जिचं दूध प्यालो तिला नाही कसं म्हणायचं? राजा घोड्यावरून उतरला. अर्ध्या घटकेत जेवू आणि निघू, असा त्याने हिशेब केला.

घरात शिरला तर चूल नुकतीच पेटली होती. चुलीवर बिडाचं जाड पातेलं होतं, आणि ते रिकामं होतं.

"अजून चढवलंही नाहीस?"

"आता चढवते. बस."

राज्यावर बसल्यापासून राजाने स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. तो पाटावर बसला आणि रागाने धुमसत बघत राहिला. म्हातारीने पातेल्यात तेल सोडलं आणि त्यात मूठभर साखर टाकली. मग ती कान देऊन उभी राहिली. साखर आधी गप्प होती. मग विरघळली, पिवळी झाली, तांबूस झाली, फसफसू लागली. फेस काळपट होत गेला. घरभर धूर झाला.

"करपली," राजा म्हणाला.

"अजून नाही," म्हातारी म्हणाली.

तिने नाक किंचित वर केलं, जसं हरणाने वाऱ्यावर करावं. आणि एका क्षणी, तिने तो क्षण कसा ओळखला ते राजाला कळलं नाही, तिने परातीतलं सगळं मांस एकदम पातेल्यात लोटलं. केवढा तरी आवाज झाला. धूर निवळला तेव्हा पातेल्यातला एकूण एक तुकडा पिकल्या चिंचेच्या रंगाचा झाला होता, आणि घरात कडवटपणाचा मागमूस नव्हता.

राजाने वाकून पाहिलं. डोळस माणसालाही साधणार नाही असं काही तरी त्याच्या देखत घडलं होतं. 

"एक श्वास आधी टाकलं तर रस्सा नुसता गोड होतो," ती म्हणाली. "एक श्वास उशिरा टाकलं तर कडू जहर."

मग तिने कांद्याची पात घातली, आलं-लसूण घातलं. ओव्यासारखा वास येणाऱ्या रानपाल्याची एक डहाळी टाकली. मिरीएवढी काळी वाळलेली फळं टाकली, ज्यांच्या एकेका दाण्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ तिन्हींचा वास होता. मांस बुडेल एवढं पाणी ओतलं. शेवटी तिने एक पिवळी मिरची उचलली, लहान मुलाच्या टोपीसारखी फुगीर, आणि देठासकट अलगद पाण्यावर ठेवली.

"आता इकडे ये," ती म्हणाली. "माझा हात थकलाय. हा डाव घे आणि ढवळत राहा. पण ही मिरची फुटू द्यायची नाही. अख्खी राहिली तर सगळ्या रश्श्याला तिचा सुवास लागेल. फुटली तर पातेलं ओतून द्यावं लागेल."

राजाने लाकडी डाव हातात घेतला. पहिल्या फेऱ्यालाच त्याने इतक्या जोरात ढवळलं, की रस्सा चुलीत उसळला.

"हळू," म्हातारी म्हणाली. 

राजा हळू ढवळू लागला. मिरची डावाजवळ आली की तो थांबे, तिला बाजूने जाऊ देई, मग पुन्हा फिरवी. सुरुवातीला त्याच्या डोक्यात फक्त बंदर होतं, होडी होती आणि भाऊ होता. पण जिच्याकडे सतत लक्ष द्यावं लागतं अशी वस्तू हातात असली की रागाला उभं राहायला जागा कमी पडते. त्याचा श्वास हळूहळू संथ झाला.

घटका गेली. त्याने एक तुकडा काढून चावून पाहिला. चपलेच्या तळव्यासारखा.

"जाळ वाढवू?" त्याने विचारलं.

"वाढव की. रस्सा आटेल, मांस आणखी घट्ट होईल. म्हाताऱ्या बैलाने जन्मभर ओझं ओढलंय. त्याची नळी तुझ्या हुकमाने मऊ होणार नाही."

आणखी दोन-तीन घटका गेल्या. म्हातारीने गाजरं टाकली, रताळी टाकली, रात्रभर भिजवलेले पांढरे वाल टाकले. कणीक मळून तिच्या बोटाएवढ्या वळकट्या तळव्यांवर वळल्या आणि एकेक करून सोडल्या. दुसऱ्या चुलीवर नारळाच्या दुधात भात रटरटू लागला. आणि हळूहळू त्या पातळ पाण्याचं काही तरी वेगळंच होऊ लागलं. ते दाट झालं, चकाकू लागलं. त्याचा वास घराबाहेर गेला, आणि वाटेवरची दोन माणसं कारण नसताना थांबली. राजा त्या पातेल्याकडे पाहत राहिला. लहानपणी हाच रस्सा त्याने शेकडो वेळा खाल्ला होता. तो असा होतो, हे त्याला आज कळत होतं.

एवढ्यात दारात नाईक आला.

"महाराज, पाणी उतरायला लागलं. होडी तयार आहे."

राजाने म्हातारीकडे पाहिलं. ती भाताचं झाकण सारखं करत होती.

"जायचं तर जा," ती म्हणाली. "डाव तेवढा खाली ठेव. मांस अजून व्हायचंय."

राजाने डाव खाली ठेवला नाही. त्याच्या मनात एक प्रश्न आला होता. तो प्रश्न इतका साधा होता, की सकाळी तो कसा सुचला नाही याचंच त्याला नवल वाटलं.

"तुम्ही त्याला धरलंत तेव्हा तो काय करत होता?"

नाईक जरा गोंधळला. "धक्क्यावर बसला होता, महाराज."

"पळत नव्हता?"

"नाही."

"नऊ गलबतं सोडली, आणि एकातही स्वतः चढला नाही?"

 नाईक हळूच म्हणाला, "नाही, महाराज."

"त्याला इथे घेऊन ये," राजा म्हणाला.

बंदर जवळच होतं. थोड्याच वेळात धाकट्या भावाला आणलं. त्याचे हात मागे बांधलेले होते. राजाने ते सोडवले, तेव्हा त्याला दिसलं, की दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती.

"दोर का तोडलेस?" राजाने विचारलं.

"लाटा गलबतांना दगडी धक्क्यावर आपटत होत्या, दादा. तीन माझ्या देखत फुटली. बांधलेली राहिली असती तर बाराही गेली असती. कोळी सांगतात, असा वारा असला की बंदरातून सुटलेला ओंडका भूशिराला वळसा घालून पूर्वेच्या खाडीत वाळूवर लागतो. मी तेवढ्यावर भरवसा ठेवला. गलबतं तिथे लागली की नाही, मला अजून ठाऊक नाही. वाटा बंद होत्या, आणि मला धरून ठेवलं होतं."

"हे सांगितलं का नाहीस?"

भावाने मान वर केली. "विचारलं कुणी?"

दूधआईच्या घरामागे टेकडीची सोंड होती. तिच्यापलीकडे पूर्वेची खाडी. तिकडे वस्ती नव्हती आणि वादळापासून तिकडे कुणी गेलं नव्हतं. राजाने म्हातारीला डाव दिला आणि तो टेकडी चढू लागला. मागून भाऊ, त्याच्या मागून नाईक. पडलेल्या फांद्या बाजूला सारत, घसरत, धापा टाकत ते माथ्यावर पोहोचले.

खाली खाडी आरशासारखी पसरली होती. पाणी उतरलं होतं, आणि ओल्या पांढऱ्या वाळूवर नऊ गलबतं टेकली होती. कुणाची डोलकाठी मोडली होती, कुणाचं शीड फाटलं होतं. पण सगळी धड होती. चरून दमलेल्या गायी सावलीत बसाव्यात तशी ती शांत बसली होती, आणि त्यांच्यावरून बगळे उडत होते.

 एवढ्या मोठ्या समुद्राने नऊ गलबतं उचलून जणू तळहातावरून आणून ठेवली होती.  राजा तिथेच दगडावर बसला. आपण सकाळपासून याच टेकडीच्या पायथ्याशी होतो, आणि आत्ता या घटकेला आपला भाऊ वल्ह्यांविना क्षितिजापलीकडे गेला असता, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्याने भावाचा सोललेला तळवा आपल्या हातात घेतला.

"चूक झाली," तो म्हणाला.

भावाने मान हलवली. "झाली असती," तो म्हणाला. "चल, भूक लागलीय."

खाली आले तेव्हा म्हातारीने पातेलं उतरवलं होतं. राजाने स्वतः वाढलं. आधी भावाला, मग नाईकाला. नाईक पानाला हात लावेना.

"तू खोटं बोलला नाहीस," राजा त्याला म्हणाला. "तू पाहिलंस तेवढं सांगितलंस. पुढचं मी विचारायला हवं होतं."

मांस बोट लावताच हाडावरून सुटत होतं.  भावाला हाताने खाता येईना, तेव्हा दूधआईने चाचपडत त्याचा चेहरा शोधला आणि त्याला घास भरवले.

शेवटी राजाने विचारलं, "दूधआई, गलबतं वाचलीत हे तुला ठाऊक होतं का?"

"मला कसं ठाऊक असणार, बाळा? मला दिसत नाही. ठाऊक असतं तर वाटेवरच ओरडून सांगितलं असतं." तिने पदराला हात पुसले. "मला एवढंच ठाऊक होतं, की तुलाही काही ठाऊक नव्हतं."

त्या दिवसानंतर राजाचा न्याय झटपट राहिला नाही. ज्याच्यावर आरोप असे, त्याला तो आधी समोर बसवी आणि त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेई. कधी निकालाला दोन दिवस लागत, कधी दहा. सुरुवातीला लोक कुरकुरले. पुढे पुढे असं झालं, की निकाल विरुद्ध गेलेला माणूसही राजाच्या दारातून मान वर करून घरी जाऊ लागला.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याला शिक्षा करायची, त्याचं म्हणणं ऐकण्यात गेलेला वेळ कधी वाया जात नाही.